देवाची वाट आधी मोजावी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप आली आहे. घरोघरी मखरांची सिद्धता चालू आहे, समया-निरांजने चिंचेने उजळली जात आहेत आणि चौकाचौकांत मंडपांचे वासे उभे राहिले आहेत. या दिवसांत आमच्यासारख्या कीर्तनकारास गावोगावची बोलावणी येतात. जेथे जावे तेथे उत्साही कार्यकर्ते एक वार्ता मोठ्या अभिमानाने सांगतात, 'बुवा, यंदा आपली मूर्ती पंधरा फुटांची!' पुढल्या गावी ती अठरा फुटांची असते, त्याच्याही पुढे एकवीस फुटांची. अलीकडे मी त्यांस एक प्रतिप्रश्न करू लागलो आहे. मूर्ती पंधरा फुटांची, हे उत्तम झाले. पण वाट किती फुटांची?

उत्तर येते ते रुंदीचे. रस्ता चांगला चाळीस फूट रुंद आहे, असे सांगितले जाते. मी रुंदी विचारलेली नसते. डोक्यावरून गेलेली विजेची तार जमिनीपासून किती उंच आहे, वाटेतला पूल किती उंच आहे, दोन इमारतींमधून ओढलेल्या दोऱ्या, पताका आणि तारा कोठे लोंबतात, हे मी विचारत असतो. ते कोणासच ठाऊक नसते. मूर्तीची उंची इंचाइंचाने ठरलेली असते आणि जिच्याखालून ती जायची, त्या वाटेची उंची मात्र कोणी मोजलेली नसते. गणेशोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. ते काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत देवाच्या मिरवणुकीत जे घडले, ते पाहता हे न सांगणे हाच अपराध ठरेल.

वाचवत नाहीत अशा वार्ता

२७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे तमिळनाडूत तंजावरजवळील कळिमेडू या गावी शैव संत अप्पर यांच्या उत्सवाचा रथ निघाला होता. ज्या तंजावरात मराठी राजांच्या आश्रयाने आमच्या कीर्तनपरंपरेचे रोप रुजले, तेथलीच ही गोष्ट. एका वळणावर रथाचा शेंडा वरून गेलेल्या उच्च दाबाच्या वीजवाहिनीस लागला आणि ११ भाविक जागच्या जागी वा रुग्णालयाच्या वाटेवर गतप्राण झाले. त्यांत बालकेही होती. २८ जून २०२३ रोजी त्रिपुरातील कुमारघाट येथे जगन्नाथाच्या परतीच्या यात्रेत लोखंडी रथ अशाच तारेस भिडला आणि किमान सहा जीव गेले. त्यानंतर तीन आठवडे लोटले नाहीत तोच मेरठ जिल्ह्यात गंगाजल घेऊन परतणाऱ्या कावडियांचे उंच सजवलेले वाहन तारेस लागले. तेथेही किमान पाच जण दगावले. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात श्रीकृष्णजन्माष्टमीच्या शोभायात्रेत पाच जणांचा असाच अंत झाला. आणि हे सारे परप्रांतांतले म्हणून सोडून द्यावे, तर सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मुंबईत, साकीनाका भागात, विसर्जनाच्या मिरवणुकीस लोंबकळत्या तारेचा स्पर्श झाला. एक जण गेला आणि काही होरपळले.

देव निराळे, प्रांत निराळे, भाषा निराळ्या. मृत्यूचे कारण मात्र एकच. रथ उंच होता आणि वाट ठेंगणी होती.

अशा घरांतून नंतर एक प्रश्न उठतो. देवाचे काम करीत असता देवाने रक्षण का केले नाही? ज्या मातेने आपल्या मुलाच्या कपाळी गुलाल लावून त्यास मिरवणुकीस धाडले, तिने हा प्रश्न विचारला तर तिच्यापुढे मान खाली घालण्यावाचून कोणाही पंडितास गत्यंतर नाही. परंतु आपण जे मागे उरलो, त्यांनी 'दैवयोग' असे म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव. दैवाचे स्थान तेथे पाचवे आहे. ज्या भूमीवरून जावयाचे ती वाट हे मिरवणुकीचे अधिष्ठान. तिला नेणारे कार्यकर्ते हे कर्ते. वाहन आणि दोरखंड ही करणे. आणि पूर्वतयारी ही चेष्टा. ही चारही मनुष्याच्या हातची आहेत. ती चार न करता पाचव्याकडे बोट दाखवणे यास शास्त्रात दैव म्हणत नाहीत, प्रमाद म्हणतात.

द्वार आधी, मूर्ती नंतर

मोठ्या मूर्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांस वाटते की उंचीची मर्यादा ही आजच्या सरकारी कचेरीतून आलेली कटकट आहे. तसे नाही. मूर्तीची उंची कशी ठरवावी, याविषयी आपल्या पूर्वजांनी अत्यंत काटेकोर विचार केलेला आहे. वराहमिहिराची बृहत्संहिता हा सुमारे सहाव्या शतकातील ग्रंथ. त्यात देवालयाच्या प्रकरणी असे मान सांगितले आहे की गर्भगृहाच्या द्वाराची उंची घ्यावी, तिचा आठवा भाग वजा करावा, आणि जे उरेल तेवढी पीठासह मूर्तीची उंची असावी. त्या उरलेल्या उंचीचे तीन भाग करून दोन भाग मूर्तीस आणि एक भाग पीठास द्यावा.

या विधानाचा विचार करावा तितका थोडा. स्थपतीने मूर्ती आधी घडवून मग तिच्यासाठी द्वार फोडावे, असे शास्त्र सांगत नाही. द्वार आधी मोजावे आणि मूर्ती त्याच्या मापाने करावी, असे सांगते. दुसरे म्हणजे, नुसती मूर्ती मोजून चालत नाही, तिचे पीठही मोजावे लागते. आणि तिसरे म्हणजे, सारे माप जुळल्यावरही आठवा भाग मोकळा सोडावा लागतो. द्वाराचा दगड स्थिर असतो. तो खाली येत नाही आणि जवळ आलेल्यावर झेपही घेत नाही. तरीदेखील शास्त्रकारांनी त्याच्याशी आठव्या भागाचे अंतर राखले. मग विजेच्या तारेशी किती राखावे?

घरच्या पूजेविषयी मत्स्यपुराणाचे म्हणणे तर याहून स्पष्ट आहे. घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत असावी, त्याहून मोठी नसावी. आणि ज्या गणरायासाठी आपण ही स्पर्धा मांडली, त्याच्या ध्यानात त्यास 'खर्व' म्हटले आहे. खर्व म्हणजे ठेंगणा. ज्याचे वाहन मूषक, ज्याचे ध्यान खर्व, ज्याची चतुर्थीची मूर्ती पार्थिव म्हणजे मातीची, त्या दैवतास उंचीची भूक कधी होती?

याचा अर्थ उंच रथ अशास्त्रीय आहे असा मात्र नव्हे. पुरीच्या जगन्नाथाचा नंदिघोष रथ सुमारे ४५ फूट उंच असतो. पण तो दरवर्षी नव्याने बांधताना ठरलेल्या मापानेच बांधतात आणि त्याची वाटही ठरलेली असते, ती तेथील प्रशस्त बडा दांड. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात तासगावी ऋषिपंचमीस पटवर्धनांच्या गणपतीचा उंच रथ हजारो भाविक दोरखंडांनी ओढतात. तेथेही रथ ठरलेला आणि वाट ठरलेली. पिढ्यान्‌पिढ्या रथाने वाटेस आणि वाटेने रथास ओळखलेले असते. संकट उद्भवते ते दरवर्षी रथ दोन फुटांनी वाढतो आणि वाट तीच राहते तेव्हा.

आकाश खाली आले आहे

खरे म्हणजे वाटही तीच राहिलेली नाही. तिची उंची घटते आहे. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवास चालना दिली, तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर मिरवणुकीच्या डोक्यावर मोकळे आकाश होते. आज त्या आकाशात आपण किती गोष्टी टांगल्या आहेत! विजेच्या तारा आहेत, दूरचित्रवाणीच्या आणि इंटरनेटच्या केबली आहेत, जाहिरातींच्या कमानी आहेत, पादचारी पूल आहेत आणि मोठ्या शहरांत मेट्रोचे मार्ग आहेत. खालून रस्ताही वर येतो आहे. डांबराचा थर बसला की काही इंच, काँक्रीट झाले की त्याहून अधिक. परंतु खांबावरची तार काही त्या मानाने वर चढत नाही. म्हणून 'गेली वीस वर्षे याच रस्त्याने जातो, आजवर काही झाले नाही', हे बोलणे ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. वीस वर्षांपूर्वीचा रस्ता आज राहिलेलाच नाही.

नियम काय सांगतो तेही गृहस्थांनी जाणून घ्यावे. रस्ता आडवी ओलांडणारी घरगुती दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट उंच असावी; ११ किंवा ३३ हजार व्होल्टची उच्च दाबाची तार ६.१ मीटर, म्हणजे २० फूट. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या तारा याहून फूटभर खाली असू शकतात. रेल्वेच्या फाटकावर तर २५ हजार व्होल्टची तार असते; म्हणून फाटकाच्या दोन्ही अंगांस ४.६७ मीटरची, म्हणजे सुमारे सव्वापंधरा फुटांची कमान उभी केलेली असते. तिच्याखालून जे जाणार नाही, ते पुढे नेऊच नये.

हे झाले कागदावरचे माप. प्रत्यक्षात दोन खांबांच्या मध्यभागी तार झोळीसारखी खाली येते. उन्हाने आणि विजेच्या भाराने तापली की आणखी खाली येते. खांब कललेला असेल तर विचारावयासच नको. आणि उच्च दाबाच्या तारेवर रबराचे वेष्टण असते, असा जो अनेकांचा समज आहे, तो बहुतेक ठिकाणी खोटा आहे. ती तार उघडी असते. तिला स्पर्शच व्हावा लागतो असेही नाही. लोखंडी सांगाडा अगदी निकट आला तर ठिणगी मधले अंतर उडी घेऊन पार करते.

तांडेलाची डोलकाठी

काही वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरगावी कीर्तनास गेलो होतो. सकाळी पाहतो तो गावाबाहेर एका ट्रॉलीवर नवी कोरी होडी चढवलेली. आतल्या गावी बांधलेली ती होडी रस्त्याने दोन कोस नेऊन खाडीत उतरवायची होती. पूजा झाली होती, नारळ वाढवला होता, पोरे उतावीळ झाली होती; परंतु म्हातारा तांडेल हलू देईना. त्याने डोलकाठी उतरवून होडीच्या लांबीत आडवी बांधून घेतली. दिव्याचा खांब काढला. मग होडी ट्रॉलीवर असतानाच जमिनीपासून तिच्या सर्वांत उंच टोकापर्यंतचे माप घेतले आणि ते खिशातल्या कागदाशी ताडून पाहिले.

मी कुतूहलाने कागद मागितला. त्यावर वाटेत आडव्या येणाऱ्या साऱ्या तारांची टिपणी होती. आदल्या दिवशी तो वीज कार्यालयाच्या वायरमनला घेऊन सारी वाट चालला होता. सतरा ठिकाणी तारा आडव्या होत्या. त्यांपैकी दोन ठिकाणी त्या नको तितक्या खाली होत्या. तेथे होडी पोहोचेल तेव्हा वीज बंद ठेवण्याचे त्याने ठरवून घेतले होते. मी म्हटले, 'तांडेल, एवढे सायास?' तो म्हणाला, 'बुवा, दर्यात खाली बघून चालायचं, पाणी किती हाय ते. वाटेवर वर बघून चालायचं. होडीला वाटेची सवय नाय.'

पोथ्या वाचण्यात जन्म घालवलेल्या मला त्या निरक्षर माणसाने त्या दिवशी एक पाठ दिला. डोलकाठी हा होडीचा मानबिंदू. तरी ती उतरवताना आपल्या होडीचा अवमान झाला, असे त्यास क्षणभरही वाटले नाही. पाण्यात गेल्यावर ती पुन्हा डौलाने उभी राहणारच होती. मूर्तीचेही तसेच आहे. ती मखराची, मंडपाची, वाटेची नव्हे. वाटेवर ती घटकाभर असते. तेवढ्यापुरते छत्र उतरवले, मुकुटावरचा तुरा काढला, प्रभावळ निराळी नेली, तर देवाचे देवपण उणे होत नाही.

हिशेब साधा आहे

तांडेलाचा हिशेब मंडळांनी जसाच्या तसा उचलावा. प्रथम, मूर्तिकारास सांगण्याआधी वाट पाहावी. मूर्ती ठरल्यानंतर पाहिलेली वाट काय कामाची? आणि वाटा दोन असतात. कारखान्यातून मंडपात येण्याची एक, आणि मंडपातून विसर्जनस्थळी जाण्याची दुसरी. दोन्ही पाहाव्यात. महावितरणचा, किंवा जेथे जी वीज कंपनी असेल तिचा, माणूस बरोबर घेऊन दिवसाउजेडी पायी चालावे. प्रत्येक आडवी तार, कमान, पूल, झाडाची फांदी टिपावी. माप घेण्यासाठी आपण स्वतः तारेखाली बांबू वा पोलादी फीत उभी करू नये. ते जाणकाराचे काम आहे.

दुसरे, मूर्तीची उंची म्हणजे वाहनाची उंची नव्हे. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून सुमारे चार फूट. त्यावर फूटभर पाट वा चौथरा. त्यावर बारा फुटांची मूर्ती. झाले सतरा. तिच्यामागे दीड फूट वर गेलेली प्रभावळ धरली की साडेअठरा. तार कागदावर १९ फूट, झोळीत त्याहून खाली. उरले काय? बाराचा आकडा निरुपद्रवी वाटला होता, तो असा तारेत जाऊन अडकतो.

मग किती असावी? मालमोटारीची उंची कायद्याने साधारणपणे ४ मीटरच्या, म्हणजे तेरा फुटांच्या आत ठेवलेली आहे, आणि तार १९-२० फुटांवर. याचा अर्थ असा की नियम करणाऱ्यांनी मध्ये सहा-सात फुटांची जागा मुद्दाम मोकळी राखली आहे. हाच आजच्या काळातला आठवा भाग. वीज दगडाहून अधिक अंतर मागते, म्हणून तो मोठा आहे. तेव्हा वाहन, पीठ, मूर्ती आणि शिरोभूषण मिळून तेरा फुटांच्या आत राहावे. तसे केल्यास आठ फुटांपर्यंतची मूर्ती सुखाने जाते. आठ फुटांची गणेशमूर्ती काही लहान नव्हे! याहून उंच नेणे अनिवार्यच असेल, तर पोलिसांची व वीज कार्यालयाची लेखी अनुमती घ्यावी, वाटेवरची वीज बंद करवून घ्यावी आणि ती बंद झाल्याची खात्री वायरमनने स्वतः दिल्यावाचून चाक हलवू नये.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. बांबूने तार उचलून मूर्ती खालून काढण्याची जी रीत सर्वत्र दिसते, ती आत्मघातकी आहे. भाद्रपदातल्या पावसाने भिजलेला बांबू लाकूड राहत नाही. तो विजेची वाट होतो. आणि मूर्तीपेक्षाही उंच असतो तो तिच्या वाहनावर चढलेला मुलगा. ध्वनिवर्धकांची भिंत दहा फुटांची, तिच्यावर साडेपाच फुटांचा तरुण, त्याच्या उंचावलेल्या हातात झेंड्याची लोखंडी काठी. हे माप कोणत्या कागदावर लिहिलेले असते? वाहनावर कोणीही उभे राहू नये, आणि पुढे चालणाऱ्यांपैकी एका शांत डोक्याच्या माणसाकडे वर पाहण्याचेच काम असावे. तो नाचणार नाही, गुलाल उधळणार नाही. त्याने हात वर केला की ट्रॅक्टर थांबला पाहिजे.

आणि न जाणो, वाहन तारेस लागलेच, तर कोणीही त्यास हात लावू नये, कोणास ओढावयास धावू नये. एकास वाचवताना चौघे जातात, ते येथेच. सर्वांनी दूर व्हावे आणि वीज बंद करवावी. चालकाने जागेवर बसून राहावे. आग लागली असेल तरच, वाहन आणि जमीन यांस एकाच वेळी स्पर्श न होऊ देता, दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जुळवूनच, जमिनीवर सरकत दूर जावे.

दोष कोणाचा, कर्तव्य कोणाचे

कोणी म्हणेल, बुवा, सारा उपदेश भक्तांसच का? लोंबत्या तारा आम्ही टांगल्या नाहीत. हे खरेच आहे. नियमापेक्षा खाली आलेली तार वर घेणे, मुख्य मिरवणूकमार्गावरच्या वाहिन्या भूमिगत करणे, रस्ता उंचावला की खांबही उंचावणे आणि बेवारस केबली काढून टाकणे, हे ज्यांचे काम त्यांनी ते केलेच पाहिजे. त्यासाठी नागरिकांनी आषाढातच लेखी तक्रारी द्याव्यात. चतुर्थीच्या आदल्या रात्री धावाधाव करू नये. परंतु दुसऱ्याचा दोष सिद्ध झाल्याने गेलेले मूल परत येत नाही. तार ज्याने लोंबती ठेवली तो दोषी, हे मान्य; पण तिच्याखालून देवास नेणारे हात आपले आहेत.

पुण्यात २०२१ साली लकडी पुलावरच्या मेट्रोच्या मार्गाने विसर्जन मिरवणुकीच्या रथांची उंची अडेल, म्हणून मंडळांनी जोराचा विरोध केला होता. त्या वादात कोण किती बरोबर, हा येथे विषय नाही. मला त्यातले एकच आवडले: पूल डोक्यावर येण्याआधी कोणीतरी वर पाहिले आणि माप काढले. जी जागरूकता परंपरेच्या अभिमानापोटी दाखवली, तीच प्रत्येक गावात, प्रत्येक तारेविषयी, प्राणांच्या काळजीपोटी दाखवता येणार नाही काय?

आणि मूर्ती लहान झाली तर भक्ती ओसरेल, हे भय तर अनुभवानेच खोटे ठरले आहे. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षी शासनाने सार्वजनिक मूर्तीस चार फुटांची आणि घरगुती मूर्तीस दोन फुटांची मर्यादा घातली होती. त्या वर्षी आरत्यांत कमी आर्तता होती, असे कोण म्हणेल? उलट कित्येक घरांत त्या वर्षाइतकी कळकळीची प्रार्थना पूर्वी झाली नसेल.

घरातून आरंभ व्हावा

हे पान प्रामुख्याने घरांत वाचले जाते, म्हणून शेवटचे बोलणे घरातल्या मंडळींशी. मंडळाचे कार्यकर्ते तुमचीच मुले आहेत. वर्गणीची पावती फाडण्यास ती दारी येतील तेव्हा आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी हा एक प्रश्न त्यांस अवश्य विचारावा: 'वाट मोजलीत का रे?' कोणत्याही भाषणाहून आईचा हा प्रश्न अधिक काम करील. वर्षप्रतिपदेची गुढी सज्जावर उभारताना जवळून गेलेली तार पाहावी, गच्चीवर ध्वज लावताना पाहावी, दहीहंडीची दोरी बांधताना पाहावी. वर पाहण्याची सवय घरातच लागली, तर ती मुले मिरवणुकीतही वर पाहतील.

कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण देशाचा आणि कालाचा उच्चार करतो. मी कोठे उभा आहे आणि कोणत्या घटकेस उभा आहे, हे जाणल्यावाचून कर्मास आरंभ करू नये, हा त्यामागचा भाव. मिरवणूक हेही पूजेचेच अंग आहे. मग तिच्या संकल्पात आपल्या गावच्या रस्त्याचे यथार्थ ज्ञान नको काय?

विसर्जन आटोपले की घरचा पाट रिकामा येतो. त्यावर नदीकाठची चिमूटभर ओली माती वा वाळू असते. ती आपण घरात आणतो, पाट देवापुढे ठेवतो, आरती म्हणतो आणि मगच प्रसाद वाटतो. जेवढे गेले होते तेवढे सारे त्या आरतीस उभे असावेत. देव तर पुढल्या वर्षी येणारच आहे. त्यास निरोप द्यावयास गेलेली मुले मात्र त्याच रात्री परत यावयास हवीत.

मंगलमूर्ती मोरया!